कॅल्सीन-एएम पी-जीपी किट: कोकणातल्या लॅबसाठी घ्यावी का?

खारफुटीच्या पानांचे किंवा समुद्री स्पंजांचे अर्क कॅन्सरच्या पेशींवर लावून, औषधं बाहेर फेकणारा त्यांचा पंप (पी-ग्लायकोप्रोटीन, म्हणजे पी-जीपी) अडतो का हे बघायचं असेल, तर रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या कॉलेजला ही किट परवडण्यासारखी आहे. एकेक पेशी मोजणारा महागडा फ्लो सायटोमीटर लागत नाही, साधा फ्लुरोसन्स प्लेट रीडर पुरतो. काम चोख, पण दमट हवा तिला अजिबात सोसत नाही, आणि माहितीपत्रकात त्याबद्दल जेमतेम एक ओळ आहे.

किट मोजते ते पी-ग्लायकोप्रोटीनचं काम. १२८० अमिनो आम्लांचा, सुमारे १७० किलोडाल्टनचा हा पंप पेशीच्या पडद्यात बसलेला असतो, जनुक एबीसीबी१. १९७६ मध्ये ज्युलियानो आणि लिंग यांनी कोल्चिसिन या पेशींना मारक द्रव्याला न जुमानणाऱ्या हॅमस्टरच्या पेशींत तो दाखवला. एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, खर्चून तो डॉक्सोरुबिसिन, व्हिन्क्रिस्टिन, पॅक्लिटॅक्सेल ही कॅन्सरची औषधं बाहेर काढतो. सिस्प्लॅटिन या कॅन्सरच्याच दुसऱ्या औषधाशी त्याचं देणंघेणं नाही, त्यामुळे सिस्प्लॅटिनला दाद न देणाऱ्या पेशींसाठी ही किट मागवू नये.

किटमधलं कॅल्सीन-एएम (पुढे नुसतं एएम) स्वतः चमकत नाही. पेशीत शिरल्यावर एस्टरेज एन्झाइम त्याचे तुकडे करतात आणि हिरवं चमकणारं कॅल्सीन सुटं होतं. पंप जोरात असेल तर एएम पडद्यातूनच परत जातं आणि पेशी अंधारी राहते. पंप अडवला की चमक वाढते.

९६ वेल (खळगे) असलेली काळी, पारदर्शक तळाची प्लेट घ्या. दर वेलला ५० हजार पेशी, सीरम आणि फिनॉल रेड नसलेल्या माध्यमात. सीरममध्येही एस्टरेज असतात, ते बाहेरच एएम फोडतात आणि बॅकग्राउंड (पेशींबाहेरची चमक) चढतो. अर्क घालून ३७ अंशांवर १५ मिनिटं, मग कॅल्सीन-एएम ०.२५ मायक्रोमोलर, आणखी १५ ते ३० मिनिटं. थंडगार माध्यमाने दोनदा धुऊन ४८५/५३० नॅनोमीटरला रीडिंग. धुतल्यानंतर प्लेट बर्फावरच हवी, कारण एमआरपी१ हा दुसरा पंप तयार कॅल्सीनही बाहेर काढतो. पॉझिटिव्ह कंट्रोलला, म्हणजे पंप नक्की अडलेल्या तुलनेच्या वेलला, सोबतचं व्हेरापामिल (होय, तेच हृदयाचं औषध) ५० मायक्रोमोलर. डीएमएसओ (विरघळवण्याचा द्रव) सगळ्या वेलमध्ये सारखाच, अर्ध्या टक्क्याच्या आत.

आता दमटपणा. उणे २० अंशांतली एएमची कुपी जुलैत बाहेर काढून लगेच उघडली की आत दव धरतं. डीएमएसओ पाणी ओढून घेतो, एएमचे एस्टर कुपीतच तुटतात, आणि पुढच्या प्लेटवर बॅकग्राउंड जास्त, पेशींतली चमक कमी. मग दोष अर्कावर ढकलला जातो! कुपी सिलिका जेलच्या डब्यासकट बाहेर काढावी, डबा खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये, आणि द्रावणाचे एका प्लेटपुरते अलिकोट (छोटे वाटे) पहिल्याच दिवशी करावेत. वितळवलेला अलिकोट परत फ्रीजरमध्ये टाकू नये. मागणी ऑक्टोबर ते मेमध्ये द्यावी. पावसात घाट बंद झाला की पार्सल वाटेत अडकतं आणि जेल पॅक गार राहत नाही.

पानांच्या अर्कात वेगळीच गंमत. टॅनिन चमक दाबतात, काही रंगद्रव्यं स्वतःच चमकतात. म्हणून पेशींशिवाय अर्काचा एक वेल आणि पेशींसह, पण एएमशिवाय एक वेल हवाच. अर्क विषारी असेल तर पेशी फाटून कॅल्सीन गळतं. रीडिंग उतरतं आणि अर्क निकामी वाटतो. किटमधलं प्रोपिडियम आयोडाइड (मेलेल्या पेशी रंगवणारं द्रव्य) यासाठीच आहे, ते वगळू नका.

रीडिंग वाढलं म्हणजे औषध सापडलं, असं मात्र नाही. हा पंप आतडं, यकृत, मूत्रपिंड आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांतही असतो. व्हॅल्स्पोडारसारख्या अडवणाऱ्या औषधाबरोबर केमोथेरपीचे डोस कमी करावे लागले, ते यामुळेही. प्रकल्प अहवालात ‘पेशींतली क्रिया’ एवढंच लिहावं.

किंमतीचं म्हणाल तर किटची पूर्ण पेटी महाग पडते. कॅल्सीन-एएमच्या सुट्या ५० मायक्रोग्रॅमच्या कुप्या मिळतात. एका कुपीत ५० मायक्रोलिटर कोरडा डीएमएसओ घातला की साधारण १ मिलिमोलर द्रावण होतं, आणि वरच्या प्रमाणात १०० मायक्रोलिटरच्या वेलला ते २ हजार वेल पुरतं. व्हेरापामिल वेगळं घ्यावं. पहिल्यांदाच करणाऱ्यांनी पेटी घ्यावी, वर्षभर प्लेट चालणार असतील तर सुट्या कुप्या.