‘बॅड न्यूज’ : अपप्रचाराची बाजू खेळून पाहताना

केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी एका डच संस्थेच्या साहाय्याने २०१८ मध्ये खुला केलेला ‘बॅड न्यूज’ हा ब्राउझरमध्ये विनामूल्य खेळता येणारा खेळ आहे. त्यात खोट्या बातम्या पसरवणाऱ्याची भूमिका खेळाडूलाच घ्यावी लागते. विश्वासार्हता पार ढासळू न देता अनुयायी वाढवत नेताना तोतयेगिरी, भावना भडकावणे, फूट पाडणे, कटाचा संशय पेरणे, टीकाकाराला बदनाम करणे आणि ट्रोलिंग अशी सहा तंत्रे हाताळावी लागतात.

यांतील बदनामीचा टप्पा मला सर्वांत मोलाचा वाटला. आपला खोटेपणा कोणी पुराव्यानिशी दाखवून दिला, तर पुराव्याला उत्तर देण्याऐवजी दाखवणाऱ्याच्या हेतूवर चिखलफेक करणे किती सोपे आणि किती परिणामकारक असते, हे स्वतः करून पाहिल्यावर जसे उमगते तसे व्याख्या वाचून उमगत नाही. सौम्य मात्रेत अपप्रचार अनुभवलेल्या मनाची प्रतिकारशक्ती वाढते, हा अमेरिकी सामाजिक मानसशास्त्रज्ञ विल्यम मॅग्वायर यांनी १९६० च्या दशकात मांडलेला विचार या रचनेच्या मुळाशी आहे.

उणीव आहे ती निवडक सत्याच्या बाबतीत. न्यूयॉर्कमधील ‘इन्स्टिट्यूट फॉर प्रॉपगंडा ॲनालिसिस’ने १९३७ मध्ये प्रचाराची जी सात तंत्रे मांडली, त्यांत सोयीचे तेवढेच पुढे करून गैरसोयीचे झाकून ठेवणे हेही होते. त्यातले प्रत्येक वाक्य खरे असू शकते, म्हणूनच ते पकडणे सर्वांत कठीण. आणि त्याचीच तालीम इथे मिळत नाही. ‘शेवटच्या दोनच वस्तू शिल्लक’, ‘सगळे हेच घेत आहेत’ यांसारखी खरेदीच्या वेळची रोजची दडपणेही खेळाच्या कक्षेबाहेर राहतात.

आणखी एक आक्षेप गंभीर आहे. अशा खेळांच्या चाचण्यांची फेरतपासणी करणाऱ्या काही संशोधकांना असे आढळले की खेळाडूंची खरे-खोटे वेगळे करण्याची क्षमता वाढण्याऐवजी एकंदर संशयच वाढतो. खऱ्या बातमीवरचाही विश्वास उडणे अपप्रचार करणाऱ्यांच्या पथ्यावरच पडते. तरीही शिक्षकांनी हा खेळ अवश्य वापरावा. मात्र त्यानंतर लगेच खऱ्या आणि खोट्या बातम्या एकत्र देऊन, विद्यार्थ्यांना खरी बातमी खरी का वाटते याचीही कारणे लिहायला लावावीत, आणि शिकलेले कालांतराने पुसट होत असल्याने काही आठवड्यांनी ही उजळणी पुन्हा घ्यावी.