फोटोतला शिपाई आमचा पणजोबा नव्हता

आमच्या भिंतीवर दोन वस्तू कायम शेजारी शेजारी होत्या. एक, लष्करी गणवेशात खुर्चीवर बसलेल्या तरुणाचा फोटो. दुसरी, ब्राँझची मोठी गोल चकती. पहिल्या महायुद्धात मेलेल्या सैनिकांच्या घरी अशा चकत्या पाठवल्या गेल्या. त्यांच्यावर हुद्दा नसतो, नुसतं नाव असतं. आमच्या चकतीवर पणजोबांचं नाव आहे. ते मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) लढायला गेले आणि परत आले नाहीत, एवढंच घरात माहीत होतं. फोटो चकतीशेजारी होता, म्हणून तो त्यांचाच, असं सगळे धरून चालले. मीही.

जुन्या फोटोंवरून सैनिकांची ओळख पटवून देतो, लंडनच्या दफ्तरातून कागद काढून देतो, असं सांगणाऱ्या एका माणसाशी ओळख झाली. मी त्याला फोटो आणि चकती, दोन्हीची चित्रं पाठवली. पहिल्याच फोनवर तासभर बोलले. आजोबा कधीतरी ‘कूट’ असं काही म्हणायचे, तेही सांगून टाकलं. आठवड्याने त्याचा फोन आला. “ताई, माणूस सापडला. तुमचे पणजोबा कूटच्या वेढ्यात होते.” कूट हे मेसोपोटेमियातलं गाव, तिथे तुर्कांनी ब्रिटिश-भारतीय फौजेला वेढलं होतं. मला रडू आलं. नाव चकतीवरून आणि कूट माझ्या तोंडून त्याने उचललं होतं, हे तेव्हा डोक्यात आलंच नाही. माझीच माहिती तो मला परत विकत होता.

पहिली ‘ओळख’ फुकट होती. मग शोधाचं शुल्क, मग नकलेचं, मग नक्कल प्रमाणित करण्याचं. रक्कम दर वेळी थोडी असायची, त्यामुळे थांबलं तर आधीचे पैसे वाया जातील असं वाटायचं. शेवटी म्हणाला, पणजोबांचं एक शौर्यपदक कुणी घेतलेलंच नाही, दावा लावावा लागेल, उशीर केलात तर फाइल बंद होईल. तेही भरले. बदल्यात शिक्क्याचा एक सेवा-दाखला आला, आणि फोटोची रंगीत मोठी प्रत. मी त्यावरून छोटी पुस्तिका छापली आणि सगळ्या नातेवाइकांना वाटली.

पुस्तिका आत्याच्या हातात पडली. ती बराच वेळ फोटोकडे बघत राहिली. “अगं, हे धाकटे आजोबा आहेत. त्यांची ही दोन बोटं वाकायची नाहीत. मला कडेवर घ्यायचे तेव्हा पाठीला टोचायची.” धाकटे आजोबा म्हणजे पणजोबांचे सख्खे भाऊ. तेही फौजेत होते, हे मी पहिल्यांदा ऐकलं. फोटोत डावा हात खुर्चीच्या दांड्यावर आहे आणि दोन बोटं सरळ ताठ आहेत. ती पोझ आहे असं मला इतकी वर्षं वाटत होतं.

तरी मी आत्यालाच म्हटलं, तुला नीट आठवत नसेल. दाखल्यावर शिक्का होता ना! याचं मला अजून वाईट वाटतं.

मग भिंग घेऊन बसले. छातीवर दोन गोल पदकं आहेत. एकावर राजाचं डोकं, दुसऱ्यावर पंखांची आकृती. पहिलं ब्रिटिश वॉर मेडल, दुसरं व्हिक्टरी मेडल. ही दोन्ही पदकं सुरूच झाली १९१९ साली. कूटची शरणागती २९ एप्रिल १९१६ची, आणि दाखल्याप्रमाणे पणजोबा त्याच वर्षी कैदेत वारले. मग तीन वर्षांनी निघालेलं पदक लावून ते फोटोला बसले कसे? दाखलाही तसाच. त्यावर १९१५ सालच्या नोंदीत ‘५वी मराठा लाइट इन्फंट्री’ असं लिहिलंय. ते नाव १९२२च्या पुनर्रचनेत आलं. त्याआधी १०३, ११०, ११४, ११७ अशा क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या.

आत्याकडे एक काळं पडलेलं चांदीचं पदक निघालं. या पदकांच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. (कुणाकडे असेल तर पॉलिशने घासू नका, अक्षरं झिजतात.) दिव्यासमोर तिरकं धरल्यावर धाकट्या आजोबांचं नाव वाचता आलं.

त्या माणसाला फोन केला तर म्हणाला, पदकं नंतर रंगवली असतील. मूळ फोटो पाहायला या म्हटल्यावर फोन बंद. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली, पण तोवर दोन महिने उलटले होते. पैसे परत आले नाहीत. तुमच्यावर ही वेळ आली तर त्याच दिवशी करा.

कुणाला शोध घ्यायला सांगणार असाल तर आधी फक्त फोटो द्या. घरातली नावं, आठवणी, युद्धाचं ठिकाण, काहीही सांगू नका. त्याला फोटोत काय दिसतंय आणि त्यावरून कुठलं वर्ष निघतंय, ते विचारा. जाणकार असेल तर पदकं, फिती, हातावरच्या पट्ट्या यांवर बोलेल. दोन पट्ट्या म्हणजे नाईक, तीन म्हणजे हवालदार, इतकं तरी सांगेल. आणि पैसे मोजण्याआधी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन, म्हणजे महायुद्धांत मेलेल्यांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणारी संस्था, तिच्या संकेतस्थळावर स्वतः शोधा. तिथला शोध फुकट आहे. पणजोबांची नोंद मला तिथेच मिळाली, बसरा स्मारकाखाली. ज्यांची कबर माहीत नाही अशा चाळीस हजारांहून जास्त जणांचं ते स्मारक आहे. ‘लंडनहून काढलेलं पान’ म्हणून मी पैसे मोजले, ते हेच पान होतं.

पणजोबांचा एकही फोटो नाही, हे आता कळलंय. परत आलेल्या धाकट्या आजोबांनी भावाची मुलं वाढवली, असं आत्या सांगते, आणि आम्ही त्यांच्याच चेहऱ्याखाली दुसऱ्याचं नाव छापलं. पुस्तिका परत मागवतेय. तीन प्रती अजून यायच्या आहेत.