घटस्फोटात पैशांचा हिशेब: आपसात मिटवायचा की कोर्टात मांडायचा?

इंदूरच्या मराठी घरांत घटस्फोटाची वेळ आली की सल्ला जवळजवळ ठरलेला असतो. कोर्टाची पायरी चढू नका, दोन्हीकडची चार मोठी माणसं बसवा, आकडा ठरवा आणि मोकळे व्हा. सल्ला मनापासून दिलेला असतो. पण मामा-काका बसतात तेव्हा समोर चहा असतो, कागद नसतात. मग आकडा ठरतो तो कोण जास्त चिडलंय आणि कोण जास्त थकलंय यावर. मी हिशेबाच्या कामातली आहे, म्हणून माझं मत आधीच सांगते: बाहेर मिटवायचं की कोर्टात जायचं, हे समोरच्याचा पैसा कागदावर दिसतो की नाही यावर ठरवा.

दोघंही पगारदार असतील तर बाहेर मिटवणं बहुतेक वेळा फायद्याचं. फॉर्म 16, पीएफचं पासबुक, डीमॅटचं एकत्रित स्टेटमेंट, सिबिल रिपोर्ट आणि तीन वर्षांची बँक स्टेटमेंट्स दोघांनी एकमेकांसमोर ठेवली की लपायला फारशी जागा उरत नाही. आयकर पोर्टलवरचं एआयएस म्हणजे वार्षिक माहिती विवरण मात्र आवर्जून मागा. समजा त्यात एका बँकेकडून वर्षाचं 84,000 रुपये व्याज दिसतंय आणि समोरच्याने दिलेल्या कागदांत त्या बँकेचं नावच नाही. व्याज सात टक्के धरलं तर कुठेतरी 12 लाखांची एफडी आहे. अशी एक ओळ सापडली की बैठकीची भाषा बदलते. हे विवरण ज्याचं त्यानेच उघडून द्यायला हवं. दुसऱ्याचा पासवर्ड वापरून लॉगिन करू नका, पुढे ते तुमच्याच अंगाशी येतं.

बाहेर मिटवण्यात आणखी एक मोठी सोय आहे, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. आपल्याकडे नवऱ्याच्या नावावरचं घर घटस्फोटात अर्धं-अर्धं वाटून मिळावं असा कायदा नाही. हिंदू विवाह कायद्याचं कलम 27 लग्नाच्या सुमारास मिळालेल्या, दोघांच्या सामाईक वस्तूंपुरतंच आहे. म्हणजे कोर्ट पोटगी ठरवेल, राजेंद्रनगरचा फ्लॅट सहसा वाटून देणार नाही. आपसातल्या समझोत्यात मात्र फ्लॅट बायकोच्या नावावर आणि त्या बदल्यात एकरकमी पोटगी कमी, असं काहीही मोकळेपणाने ठरवता येतं. किंमत धरताना कलेक्टर गाइडलाइन म्हणजे सरकारने ठरवलेला दर आणि बाजारभाव यांतला फरक लक्षात ठेवा. ज्याला घर द्यायचंय तो मोठा आकडा सांगतो, ज्याला ठेवायचंय तो छोटा.

आता दुसरी बाजू. इंदूरच्या सियागंज बाजारात सासऱ्यांच्या नावाची पेढी, त्यात दोन भाऊ भागीदार, सांवेर किंवा देपालपूरकडे शेती, आणि रिटर्नमध्ये जेमतेम उत्पन्न. अशा घरात 'आम्ही सांगतो तो आकडा घ्या' याला माझा ठाम विरोध आहे. इथे कोर्टाकडे जे आहे ते बैठकीकडे नाही, ते म्हणजे शपथ. सर्वोच्च न्यायालयाने 4 नोव्हेंबर 2020 रोजी रजनेश विरुद्ध नेहा या निकालात सांगितलं की पोटगीच्या प्रकरणात दोन्ही पक्षांनी मालमत्ता आणि देणी यांचं शपथपत्र ठरलेल्या नमुन्यात द्यायलाच हवं. शेती करणाऱ्यांसाठी वेगळा नमुना आहे. पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची, हेही त्याच निकालात आहे. शपथपत्रात खोटं लिहिलं तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 379 खाली कारवाई होऊ शकते. शिवाय कोर्टामार्फत कागद मागवता येतात: जीएसटी रिटर्न, पेढीतलं भांडवली खातं आणि बँकेत दिलेला कर्जाचा अर्ज. हा शेवटचा कागद सोन्यासारखा. पोटगी देताना उत्पन्न नाही म्हणणारा माणूस गृहकर्ज मागताना ते भरभरून दाखवतो.

कोर्टाची किंमत म्हणजे वेळ. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 24 खालचा अंतरिम पोटगीचा, म्हणजे केस चालू असतानाच्या पोटगीचा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो 60 दिवसांत निकाली काढावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात पेशीवर पेशी, म्हणजे तारखेवर तारीख पडते, आणि तेवढे दिवस घर चालवायला कुणाचा तरी आधार लागतो. वकिलाची फी परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. 1987 च्या कायद्याने स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

हे दोन रस्ते एकमेकांना तोडून नाहीत. समोरचा कागद दाखवत नसेल तर पोटगीचा अर्ज लावा, शपथपत्र हातात येऊ द्या, आणि मग त्याच कोर्टाच्या मीडिएशनमध्ये, म्हणजे मध्यस्थीत बसा. कुटुंब न्यायालयाने आधी समेटाचा प्रयत्न करायचा, हे कायद्यातच आहे. मला हाच रस्ता सर्वांत पटतो.

दागिन्यांचं वेगळं सांगते, कारण तिथे भांडण सर्वांत कडू होतं. स्त्रीधन बायकोचंच. ते पोटगीत वळतं करून घेऊ देऊ नका. 'दागिने मिळाले' एवढ्या एका ओळीवर सही करायची नाही. पाटल्या, तोडे, मंगळसूत्र प्रत्येकाचं वजन, कॅरेट आणि फोटो यादीत हवा. लॉकर दोघांसमोर उघडा आणि त्याच दिवशी सराफ्यात वजन करून घ्या.

बाहेर ठरलं तरी काम कोर्टातच संपतं. नोटरीकडे स्टॅम्प पेपरवर लिहिलेली फारकत म्हणजे कोर्टाचा हुकूमनामा नव्हे. परस्पर संमतीच्या घटस्फोटासाठी हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13 ब खाली वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं, आणि पहिल्या व दुसऱ्या अर्जात सहा महिन्यांचं अंतर असतं. 2017 पासून योग्य प्रकरणात ते माफ होऊ शकतं. या मधल्या काळात कुणीही संमती मागे घेऊ शकतं, म्हणून सगळी रक्कम पहिल्याच दिवशी देऊ नका, आणि सगळी शेवटी घेण्यावरही राजी होऊ नका. हप्ते दोन अर्जांना बांधा. हुंड्याच्या छळाची फौजदारी केस असेल तर ती नुसती 'मागे घेतो' म्हणून मिटत नाही. ती रद्द करून घ्यायला उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठात जावं लागतं. शेवटचा हप्ता त्यालाही जोडता येतो. आणि मुलांच्या खर्चाचा हक्क आईने सही करून सोडला तरी सुटत नाही, तेव्हा 'पुढे काही मागणार नाही' या ओळीवर विसंबून कुणीच राहू नये.

फ्लॅटवर दोघांच्या नावाचं कर्ज असेल तर 'हप्ते तो भरेल' असं समझोत्यात लिहून भागत नाही. बँकेसाठी दोघंही कर्जदारच राहतात आणि हप्ता चुकला की सिबिल दोघांचं बिघडतं. दुसऱ्या अर्जाच्या तारखेआधी बँकेकडून एक नाव कमी झाल्याचं पत्र घ्या. बँक तयार नसेल तर कर्ज फेडूनच रजिस्ट्री करा.