टीव्हीवरचं नवं हवामान: खरीपभर पाहून झाल्यावर

परभणी जिल्ह्यातल्या सेलूला आमचं बी-बियाणं आणि खतांचं दुकान आहे. दुकानात टीव्ही आहे, आणि मृगाच्या तोंडावर गिऱ्हाईक बियाण्याइतकंच हवामान बघायला येतं. आम्ही लावतो त्या मराठी चॅनलनं 2025 च्या उन्हाळ्यात हवामानाची सगळी चित्रं बदलली. नवं काही आलं की पहिल्या आठवड्यात लोक एकतर डोक्यावर घेतात नाहीतर शिव्या घालतात, त्यावर काय लिहायचं? आता सोयाबीन कधीच निघालं, रानात हरभरा घाटे धरतोय. म्हणजे हा नकाशा कोरड्यात, ओल्यात आणि थंडीत, तिन्हीत बघून झालाय.

आधीचं अगदी साधं होतं. सपाट नकाशा, त्यावर हवामान खात्याचे चार विभाग: कोकण-गोवा, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा, विदर्भ. प्रत्येकावर एक ढग किंवा सूर्य, आणि खाली पट्टीत खात्याचं वाक्य जसंच्या तसं. आता कॅमेरा अरबी समुद्रावरून झेपावत येतो, सह्याद्री उभा राहतो, जिल्हे एकेक करून रंगतात आणि निवेदिका त्या सगळ्याच्या मध्ये.

जिल्हावार नकाशा आला ही मोठी गोष्ट, ती आधी कबूल करतो. पूर्वी मराठवाड्यातल्या आमच्या आठ जिल्ह्यांना मिळून एकच ढग असायचा. पैठण आणि किनवट एकाच आभाळाखाली. अक्षरंही मोठी झालीत, शेजारचे मोतीबिंदूवाले काका आता बाकावर बसूनच वाचतात. पाच दिवसांची पट्टी तर फवारणीवाल्यांना फारच सोयीची. तारीख, वार, खाली चिन्ह, बस्स. एक गंमत मात्र बरेच दिवस चालली. ‘छत्रपती संभाजीनगर’ हे नाव इतकं लांब, की ते जालन्यावर पसरायचं आणि ‘जालना’ हा शब्द सरकून बीडच्या हद्दीत जायचा. जालन्याकडचा एक कंपनीचा माणूस म्हणायचा, आमचा पाऊस बीडला विचारून घ्यावा लागतो. पोळ्यानंतर कधीतरी ते नाव दोन ओळींत मांडलं, तेव्हा जालना जागेवर आला. म्हणजे कुणीतरी ऐकतं.

कॅमेऱ्याच्या उड्डाणाचं दुखणं आपल्यालाच आहे असं नाही. बीबीसीनं मे 2005 मध्ये जुनी ढग-सूर्याची चिन्हं काढून त्रिमिती नकाशा आणला, तेव्हा जमीन तपकिरी दिसते म्हणून प्रेक्षक वैतागले. नकाशा कललेला, त्यामुळे वरच्या टोकाचा स्कॉटलंड आकसला, म्हणून तिकडचे लोक वेगळे भडकले. शेवटी बीबीसीला तो कल बदलावा लागला. आमचा कॅमेरा पश्चिमेकडून येतो, त्यामुळे मुंबई-रत्नागिरी हातभर आणि नांदेड-हिंगोली चिमूटभर. त्यात निवेदिका उजवीकडं उभी राहिली की नांदेड गायबच. हिंगोलीचे पाहुणे आले होते, ते म्हणाले, बाईला जरा विदर्भात सरकायला सांगा.

पण हे सगळं सहन होतं. खरी अडचण आहे ती जिल्ह्याला लागणाऱ्या रंगात.

परभणी नारिंगी झाली की ती या टोकापासून त्या टोकापर्यंत नारिंगी होते. जिंतूर, पाथरी, पालम, सगळं एकसारखं. खात्याचा अंदाज तसा नसतो. त्यांच्या हिशोबात ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे फार तर 25 टक्के पाऊस मोजणाऱ्या केंद्रांवर पाऊस, ‘काही ठिकाणी’ म्हणजे 26 ते 50, ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे 51 ते 75, त्याच्या वर गेलं की जवळपास सर्वत्र. जुन्या पट्टीत हे यायचं, नव्या चित्रात ते गळालं. त्यामुळे नारिंगी रंग बघून सेलूचा, पाथरीचा आणि पालमचा शेतकरी, तिघंही आपापल्या रानात पाऊस धरून बसतात. पडतो एकाकडं. उरलेले दोघे दुसऱ्या दिवशी हवामानवाल्यांचा उद्धार करतात. अंदाज चुकलेला नसतोच, चित्र काढताना त्यातला निम्मा भाग टाकून दिलेला असतो.

जूनमध्ये हे महागात पडतं. 2025 ला मान्सून 24 मे लाच केरळात आला आणि दोन दिवसांत मुंबईत. पडद्यावर टपोरे थेंब नाचायला लागले आणि आमच्याकडं लोक बॅगा मागायला आले. 75 ते 100 मिलिमीटर झाल्याशिवाय पेरू नका, हे कृषी खातं आणि परभणीचं कृषी विद्यापीठ दरवर्षी घसा फोडून सांगतं. पण थेंबाचं चित्र केवढं म्हणजे किती मिलिमीटर, हे नव्या नकाशात कुठंच नाही. खात्याकडं मोजमाप पक्कं आहे: चोवीस तासांत 15.6 ते 64.4 मध्यम, 64.5 पासून मुसळधार, 115.6 पासून अति मुसळधार. महसूल मंडळात 65 च्या वर गेला की अतिवृष्टी, पंचनाम्याची बोलणी तिथूनच सुरू होतात. हा आकडा आमच्याकडं पोरांनाही पाठ आहे, पडद्याला तेवढा माहीत नाही.

दुसरा घोळ रंगांचाच, आणि त्यात एकट्या चॅनलचा दोष नाही. इशाऱ्याच्या नकाशात लाल म्हणजे अतिशय जोराचा पाऊस, आणि पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. पुढच्याच क्षणी ‘सरासरीच्या तुलनेत पाऊस’ हा नकाशा येतो. त्यात लाल म्हणजे 20 ते 59 टक्के तूट, आणि पिवळा म्हणजे त्याहून वाईट, 60 टक्क्यांच्या पुढची तूट. जास्त पाऊस तिथं निळा. दोन्ही रंगपद्धती खात्याच्याच आहेत, वेगवेगळ्या कामांसाठी केलेल्या. जुन्या रचनेत दुसरा नकाशा दाखवतच नव्हते. आता दोन्ही पाठोपाठ, त्याच शैलीत, आणि रंगांचा खुलासा कोपऱ्यात मुंगीएवढा. ऐन पावसाच्या ताणात एक म्हातारबाबा मला म्हणाले, “कामून रे, आत्ताच तर लाल म्हणजे लई पाऊस सांगितला ना तिनं?” त्यांना मी काय सांगणार? दोन नकाशांच्या मध्ये एक जाहिरात टाकली तरी चालेल, एवढं म्हणण्याची वेळ आली.

उपग्रहाचं चित्र आता वेगानं फिरवून दाखवतात. देखणं आहे. पण ते बहुधा अवरक्त (इन्फ्रारेड) म्हणजे उष्णता टिपणारं चित्र असतं, त्यात जे थंड ते पांढरं. उंचावरचे विरळ ढगही थंडच, म्हणून तेही पांढरेशुभ्र दिसतात आणि त्यातून थेंबही पडत नाही. निवेदिकेनं हे एखाद्या दिवशी सांगावं. विजेचं चिन्ह अख्ख्या मराठवाड्यावर एकच असतं, त्याचा उपयोग शून्य. त्यासाठी फोनवर विजेचा इशारा देणारं ‘दामिनी’ ॲप ठेवलेलं बरं, आपण उभे आहोत त्या जागेभोवतीचं सांगतं.

स्टुडिओत पाडतात त्या पावसाबद्दल फार लिहित नाही. निवेदिका छत्री घेऊन उभी, पायाशी पाणी, मागं कडकडाट. जुलैत गिऱ्हाइकं म्हणायची, तिच्या अंगावर पडला त्याच्या निम्मा आमच्या सोयाबीनवर पाडा.

सप्टेंबरात मात्र कुणी हसलं नाही. धाराशिव, बीड, लातूरकडून रोज बातम्या येत होत्या, आणि त्या दिवसांत हे जिल्हावार रंग खरंच कामाला आले. लाल दिसला की जनावरं वर हलवायची, एवढं कळायला नकाशा पुरे होता. कमी पडला तो नंतर. आमच्यावरचा पाऊस ओसरला, परभणीचा रंग निवळला, आणि तेव्हाच जायकवाडी धरणातून सोडलेलं, विसर्गाचं पाणी गोदाकाठच्या गावांकडं येत होतं. वर नाशिक-नगरकडं आणि वाटेतल्या ओढ्या-नद्यांवर काय पडलं, यावर आमचा गोदाकाठ ठरतो. एवढी त्रिमिती करामत करणाऱ्यांना नकाशावर गोदावरीची एक निळी रेघ आणि शेजारी विसर्गाचा आकडा टाकता आला नाही.

आता थंडीची पाटी चालू आहे आणि सगळ्यांत ती चांगली जमलीय. आकड्यांवर बर्फ साचलेला दाखवतात (परभणीत बर्फ!), तेवढं सोडलं तर गावाचं नाव आणि किमान तापमान, बाकी काही नाही. परभणीचे दोन आकडे फिरत असतात, एक हवामान खात्याचा, एक विद्यापीठाचा, आणि दोन्हींत फरक असतो. कुठला दाखवलाय ते खाली लिहितात, हे मला फार आवडलं. हरभऱ्याला पाणी द्यायचं का थांबायचं, हे विचारणाऱ्याला मी थेट त्या पाटीकडं बोट दाखवतो.

पाचपैकी तीन तारे. चौथा मृगाआधी देईन, पावसाच्या नकाशावर तुरळक, काही, बऱ्याच का सर्वत्र ते लिहिलं आणि मिलिमीटर टाकले तर. जागा पुरत नसेल तर छत्री काढा.