शेतापर्यंत नेट: सीपीई२१० की सीपीई५१०?

घरापासून अर्ध्या किलोमीटरवरच्या गोठ्यात कॅमेऱ्यासाठी नेट न्यायचं असेल, तर टीपी-लिंकच्या बाहेर लावायच्या या दोन वायरलेस उपकरणांत मी ५१०चीच जोडी घेईन, एक घरी, एक गोठ्यात. २१० चालतं २.४ गिगाहर्ट्झवर. गावात घरोघरचे राउटर त्याच पट्ट्यात, आणि एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच. ५१०चा ५ गिगाहर्ट्झचा पट्टा बराच मोकळा. अँटेना १३ डीबीआयचा, २१०चा ९; हा आकडा जितका मोठा, तितका सिग्नल एका दिशेला जास्त एकवटतो.

दोन्ही टोकं एकमेकांना नुसती दिसून भागत नाही. लहरी वाटेत पसरतात, म्हणून दोघांना जोडणाऱ्या रेषेच्या मधोमध, तिच्याभोवती ५१०ला अडीच मीटर मोकळी जागा हवी. २१०ला जवळपास चार. आंब्याचा पाला आडवा आला की मात्र ५१० आधी मान टाकतं. तिथे उपकरण बसवलेला पाइप उंच करा, नाइलाज असेल तरच २१० घ्या. लॅन पोर्ट, म्हणजे केबल जोडायची जागा, दोन्हींचा १०० एमबीपीएसचाच. गोठ्यात मोबाइलही चालवायचा असेल तर तिथे साधा अ‍ॅक्सेस पॉइंट, म्हणजे वाय-फाय देणारं उपकरण, वेगळा लावा.