हस्तकलेच्या छोट्या दुकानासाठी वूकॉमर्स
वर्डप्रेस (वेबसाइट बनवायचं सॉफ्टवेअर) हाताळता येत असेल तर वूकॉमर्स घ्या, म्हणजे त्याला ऑनलाइन दुकान जोडणारं प्लगइन. प्लगइन फुकट, होस्टिंग (साइटसाठी सर्व्हरवरची जागा) आणि बॅकअपची कटकट मात्र तुमचीच. एकुलत्या एक नगासाठी ‘मॅनेज स्टॉक’वर टिक करून संख्या 1 ठेवा. नुसतं कार्टमध्ये टाकल्याने नग राखला जात नाही, पण पैसे न भरलेली ऑर्डर तो अडवून ठेवते. तो किती वेळ अडवायचा हे ठरवणारा ‘होल्ड स्टॉक’ मुळात 60 मिनिटं असतो, 20 पुरे. रंग-मापाच्या एखाद्या व्हेरिएशनची किंमत भरायची राहिली की ते गिऱ्हाइकाला दिसतच नाही, आणि आपण थीमला (साइटच्या साच्याला) शिव्या घालत बसतो. कॅशिंग (साइट वेगवान व्हावी म्हणून पानांच्या साठवलेल्या प्रती दाखवणं) लावलंत तर कार्ट, चेकआउट ही पानं वगळा, नाहीतर कार्टात भलताच माल दिसतो. एवढा व्याप नको असेल तर सरळ शॉपिफाय ही तयार ऑनलाइन दुकानाची सेवा, दरमहा भाडं मोजून.