निकॉनच्या जुन्या लेन्सा घरात असतील तर सेकंडहँड डी७००० बघाच

रोलवरून डिजिटलवर यायचंय आणि बजेट वीस हजाराच्या आसपास आहे, असं ज्यांचं चाललंय त्यांच्यासाठी लिहायलोय. मी निकॉन डी७००० ची सेकंडहँड बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) घेतली, उन्हाळा-पावसाळा दोन्ही त्याच्यावर काढला, आणि माझं मत आता पक्कं झालंय. ज्याच्या कपाटात निकॉनच्या अपर्चर रिंगवाल्या (उजेड आत यायचं भोक लहान-मोठं करायची रिंग लेन्सवरच असलेल्या) जुन्या लेन्सा आहेत त्यानं दुसरा स्वस्त कॅमेरा बघत बसू नये, सरळ हा बघावा.

माझा निकॉनचा रोलवाला एफएम१० अजून ठणठणीत आहे, त्याच्याबद्दल काहीच तक्रार नाही. पण रोल लई महाग झाला, ३६ फोटोसाठी रोलचे पैसे वेगळे, धुवायचे वेगळे, स्कॅनचे वेगळे, त्यात आमच्याकडं रंगीत रोल धुणारं कुणी सहज सापडत नाही म्हणून कुरिअरनं पुण्याला पाठवायचा, आणि मे महिन्यात ते पार्सल कुठल्या गोडाऊनमध्ये तापत पडलंय ह्याचा घोर वेगळा. परत फोटो कसा आला हे कळेपर्यंत पोळा होऊन दसरा यायचा.

आता मुद्द्याचं. दुकानात गेलं की पहिलं वाक्य ठरलेलं, "दादा हा घ्या, चोवीस मेगापिक्सल आहे, सोबत किट लेन्स आहे." ते सगळं खरं असतं, पण तुमच्या जुन्या लेन्सांचं काय होणार हे कुणी सांगत नाही. डी३३००, डी३४००, डी५३०० ह्या निकॉनच्या स्वस्त बॉड्यांवर जुनी एआय लेन्स (१९७७ पासूनची, हातानं फोकस करायची) बसते, पण बसली की मिटर (उजेड मोजणारं यंत्र) बंद, म्हणजे एक्स्पोजर अंदाजानं लावा, फोटो काढा, स्क्रीन बघा, परत लावा. आणि नव्वदच्या काळातली एएफ-डी लेन्स (ऑटोफोकसची, पण आत मोटर नसलेली) असेल तर तिचा ऑटोफोकस पण चालत नाही कारण ह्या बॉड्यांमध्ये फोकसची मोटरच नाही. डी७००० मध्ये मोटर आहे, आणि माउंटच्या कडेला ती छोटी पट्टी आहे जी लेन्सची रिंग कुठं फिरवली ते वाचते. मेनूत जाऊन लेन्स किती मिमीची आणि कमाल अपर्चर किती एवढं एकदा भरायचं, अशा नऊ लेन्सा साठवता येतात, की मिटर चालू. फक्त ए (अपर्चर आपण लावायचं, शटर कॅमेरा लावतो) आणि एम (दोन्ही आपणच लावायचं) ह्या दोनच मोडवर चालतं, पण रोलवाल्याला तिसरा मोड लागतोय कशाला. एक लक्षात ठेवा, १९७७ च्या आधीची, एआय नसलेली लेन्स ह्याच्यावर चढवू नका, ती पट्टी मोडू शकते.

व्ह्यूफाइंडर (डोळा लावून बघायची खिडकी) हे दुसरं कारण, आणि माझ्यासाठी तेवढंच मोठं. स्वस्त बॉडीत आरसे लावलेला व्ह्यूफाइंडर असतो, लहान आणि अंधुक, एफएम१० मधून बघायची सवय असलेल्या माणसाला त्याच्यात गुदमरल्यासारखं होतं. डी७००० मध्ये खरा काचेचा पेंटाप्रिझम आहे आणि शंभर टक्के फ्रेम दिसते. पण एफएम१० मध्ये फोकससाठी मधोमध दोन तुकडे जुळवायचा जो गोल असतो तो इथं नाही, ही उणीव खरीच आहे. फोकस जमला की खाली डाव्या कोपऱ्यात ठिपका पेटतो, त्याच्यावर हात बसायला वेळ लागतो, एफ१.८ एवढ्या उघड्या अपर्चरवर तर जास्तच.

रोलवाल्यांना सगळ्यात जड जाणारी गोष्ट म्हणजे उजेड. कलर निगेटिव्हला थोडा जास्त उजेड बसला तरी ती सांभाळून घेते, डिजिटल सांभाळत नाही, पांढरं झालं की गेलंच. वेरूळला कैलास लेण्यात दुपारी उभं राहा म्हणजे लगेच कळतंय, वरचं शिखर उन्हात नुसतं तळपत असतं आणि बाजूच्या ओवऱ्यांमध्ये गडद अंधार, निगेटिव्हवर दोन्ही यायचं, इथं सावली बघून एक्स्पोजर लावलं तर शिखराच्या जागी पांढरा डाग. म्हणून मी शिखर बघून लावतो, ऊन कडक असेल तर मिटरच्या पाऊण स्टॉप खालीच (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), आणि रॉमध्ये (सेन्सरची कच्ची फाइल) काढतो. मग घरी कॉम्प्युटरवर सावल्या उचलल्या की खांबावरचं कोरीवकाम अलगद वर येतं. ह्या १६ मेगापिक्सलच्या सेन्सरची खरी ताकद हीच, २०१० सालचा असून सावलीतून तो जे काढतो ते बघून मी अजून खुश होतो. जेपीईजीमध्ये ही मजा अर्धी पण राहात नाही.

अजिंठ्याला फ्लॅश चालत नाही आणि आत उजेड बेताचा, रोलचं चारशे आयएसओ (उजेड टिपायची क्षमता) तिथं संपून जायचं. ह्याच्यावर ३२०० करतो, दाणे दिसतात पण चित्रांचे रंग टिकतात. (अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी, बाहेरगावाहून येणाऱ्यांनी लक्षात ठेवा.)

सेन्सर रोलच्या फ्रेमपेक्षा लहान आहे, दीडपटीचा हिशोब. तुमची ५० मिमी इथं ७५ सारखी दिसणार. बाजारात, जत्रेत माणसांचे चेहरे काढायला सुंदर, पण घरातल्या छोट्या खोलीत पाठ भिंतीला टेकली तरी माणसं मावत नाहीत. २८ मिमी असेल तर ती ४२ सारखी होते, माझ्या बॉडीवर जास्त वेळ तीच असते. उलट लांबची लेन्स असणाऱ्यांचा फायदाच, हिवाळ्यात जायकवाडीला पक्षी बघायला जाणाऱ्यांना ३०० मिमी म्हणजे ४५० सारखी.

घेताना काय बघायचं? लग्नाचे फोटोग्राफर मिररलेसवर (आत आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांवर) जायलेत, त्यामुळं आपल्याकडं लग्नसराई संपली की बॉड्या विकायला निघतात. शटर काउंट (आजवर किती फोटो काढलेत तो आकडा) विचारा, नुसतं तोंडी नको, तिथंच एक फोटो काढून त्या फाइलवरून तपासा. निकॉननं हे शटर दीड लाखापर्यंत तपासलेलं आहे, मी पन्नास हजाराच्या वरची घेतली नसती. एफ१६ वर मोकळ्या आभाळाचा फोटो काढा, सेन्सरवरची धूळ काळ्या ठिपक्यांसारखी दिसते, आपल्याकडच्या फुफाट्यात ती असतेच, थोडी असेल तर साफ होते. आणि तुमची जुनी लेन्स सोबत न्या, लावून मिटर हलतंय का बघा, ह्याच्यासाठीच तर घेताय. मला बॉडी, चार्जर आणि एक बॅटरी मिळून सोळा हजाराला पडली.

व्हिडिओसाठी मात्र हा घेऊ नका, फुल एचडी आहे पण स्क्रीन बघून फोकस करायला लई वेळ लावतो. वायफाय नाही, कार्ड काढून कॉम्प्युटरला लावावं लागतं. बॅटरी मात्र जबरदस्त, चार्जर घरी ठेवून बिनधास्त गावाला जातो.

पेंटॅक्स के१००० ह्या जुन्या रोलच्या कॅमेऱ्यावाल्यांनी पेंटॅक्सचीच डिजिटल बॉडी शोधावी, जुन्या के लेन्सा तिच्यावर चालतात. कॅननच्या जुन्या एफडी लेन्सा मात्र कॅननच्या डीएसएलआरवर (आरशावाल्या डिजिटल कॅमेऱ्यांवर) नीट बसत नाहीत, त्यांना जुना मिररलेस आणि अॅडॅप्टर हाच रस्ता. निकॉनवाल्यांना चार पैसे जास्त जमत असतील तर डी७२०० बघा, २४ मेगापिक्सल, वायफाय, आणि जुन्या लेन्सचं मिटर पण शाबूत. डी७५०० त्याच्यानंतरचा आहे म्हणून त्याच्याकडं वळू नका, त्याच्यातून ती रिंग वाचणारी पट्टीच काढून टाकलीय.